आजोबांच्या डबीत बाळाचे जंतू

पुण्यात बसून मी दीड वर्ष बीड जिल्ह्यातल्या माणसांच्या पोटांचा अभ्यास केला आणि त्या दीड वर्षात बीड जिल्हा एकदाही पाहिला नाही. आता हे सांगताना लाज वाटते. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण माझं काम संगणकावरचं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. गावोगावच्या लोकांनी शौचाचे नमुने डब्यांत द्यायचे, प्रयोगशाळेनं त्यातल्या जंतूंची ओळख पटवायची आणि माझ्याकडे नुसता एक तक्ता यायचा: या माणसात अमुक जंतूंचा वाटा इतका, तमुक जंतूंचा इतका. त्यावरून मी प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढते. ज्यांचे जंतू सारखे, त्यांचे ठिपके जवळ.

आमच्या ठिपक्यांनी एक नवल दाखवलं होतं. धारूरच्या डोंगरपट्ट्यात एका घरातली माणसं साधारण जवळ होती, पण खाली दिंद्रुडकडच्या एका गावात घरंच्या घरं एकमेकांना चिकटून बसली होती. हे योगायोगानं झालं असेल का, म्हणून मी घरांची नावं खेळातल्या पत्त्यांसारखी पिसून हजार वेळा माणसांना पुन्हा वाटून पाहिली. एवढी जवळीक एकदाही आली नाही. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर खूश झाले. "एका चुलीवर जेवणारी माणसं आतूनही एक होतात," असं वाक्य त्यांनी तयार केलं आणि दिल्लीतल्या भाषणासाठी राखून ठेवलं. भाषण पुढच्या सोमवारी होतं.

त्या भाषणासाठी ठिपक्यांना वयाप्रमाणे रंग देताना मी एका जागी थबकले. सत्तरीच्या एका आजोबांचा ठिपका त्यांच्या सात महिन्यांच्या नातवाच्या ठिपक्यावर बरोब्बर बसला होता. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात दूध पचवणाऱ्या जंतूंचं राज्य असतं, ते सत्तरीच्या म्हाताऱ्यात सापडत नाही. मग बाकीची घरं तपासली, तर तिथेही तसंच. एवढं साम्य एका चुलीनं येत नाही. ते एकाच डबीतला माल दोन डब्यांत भरला तर येतं.

नमुने गोळा केले होते संगीताताईंनी. त्या धारूरच्या, आमच्या प्रकल्पाच्या तिकडच्या एकमेव कार्यकर्त्या. त्यांनीच घरी बसून डब्या भरल्या असतील तर? मग आमचा शोध गेला, सरांचं भाषण गेलं आणि ताईंचं नावही गेलं. मी सरांना "घरांची थोडी पाहणी करून येते" म्हटलं आणि बुधवारी सकाळी एसटीत बसले. ताईंनाही तेवढंच कळवलं. खरं विचारायचं धाडस फोनवर होईना.

मांजरसुंबा

मांजरसुंब्याच्या चौकात उतरले तेव्हा दुपार झाली होती. चारी दिशांना ट्रक, ढाब्यांच्या ओळी, हॉर्न. ताई जीप घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला पर्स आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. आजवर मी त्यांचा फक्त आवाज ऐकला होता. आवाजापेक्षा त्या बऱ्याच लहान दिसल्या.

"मॅडम, आदी रबडी खायची. हितली रबडी न खाता कुणी म्होरं जात न्हाई," त्या म्हणाल्या.

जीपवाले शफीकभाई तोवर तीन वाट्या सांगून मोकळेही झाले होते. रबडी खरंच उत्तम होती. दाट, सायीचे जाड पदर असलेली. पुण्यात असली रबडी मिळाली असती तर मी दोन वाट्या संपवल्या असत्या. इथे चार चमच्यांनंतर वाटी बाजूला सारली. समोर ताई निवांत खात होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते शोधत होते. शंका घेणं हा माझा धंदाच आहे, त्यावर पगार मिळतो. पण समोर बसून रबडी खाणाऱ्या बाईवर शंका घ्यायची सवय नव्हती.

"बरं न्हाई वाटत का?" त्यांनी विचारलं.

"एसटी लागली," मी म्हटलं. प्रवासातली ही पहिली थाप.

धारूर

केजवरून धारूरला पोहोचेपर्यंत उन्हं कलली होती. ऑक्टोबरातला बालाघाट अजून हिरवा होता, उतारांवर जिकडे तिकडे सीताफळीची झुडपं. ताईंचं घर किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली मुलीच्या शाळेतल्या ढाली. आईनं दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा मी ताईंच्या हातात ठेवला. त्यांच्या सासूबाईंनी तो हलवून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्यं नि मसाले भाजून केलेलं पीठ. ते घातलं की आमटीला एक खमंग दाटपणा येतो. आमच्याकडच्या चिंचगुळाच्या आमटीची ती थोरली बहीण शोभावी. मी पुन्हा मागून घेतली, तेवढ्यापुरती काळजी विसरले.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हिनं हे काम धरलं तवा मी लई भांडले. म्हणलं, बाबासाहेबांनी असल्या कामातून भाईर काढलं आपल्याला, आन् तू शिकून सवरून लोकांची घाण गोळा करती?"

"मंग मी म्हणले," ताई भाकरी थापता थापता बोलल्या, "आत्या, ही घाण न्हाई, नमुना हाय. ह्याच्यावर पुण्याच्या मॅडम अभ्यास करत्यात. ह्यातून शास्त्र निघतं."

पुण्याच्या मॅडमनी ताटात मान घातली. ही बाई खोटं करेल असं मला वाटेना, आणि ठिपके तर डोळ्यांसमोरून हलत नव्हते. एकतर ही माणसं मला फसवत होती किंवा मी त्यांच्यावर अन्याय करत होते, आणि दोन्हींपैकी काय बरं असेल हेही मला ठरवता येईना.

दिंद्रुडच्या अलीकडे

गुरुवारी सकाळी नाक्यावर सुशीला खाल्ली. नावावरून गोंधळू नये. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात, आपल्या पोह्यांची जागा इकडे तिची. मग धारूरचा घाट उतरलो. हा घाट अरुंद आहे. समोरून ट्रक आला की कोणी माघार घ्यायची यावर दोन्ही चालकांचं मोठं संभाषण होतं आणि शफीकभाईंना त्यात फार रस असतो. खाली आलो तसा प्रदेश एकदम बदलला. काळी रानं, पांढरा कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या रांगा, अधूनमधून उसाचे हिरवे चौकोन.

गाव दिंद्रुडच्या जरा अलीकडे. पहिल्या दोन घरांत बायका शेतावर गेलेल्या. तिसरं घर आजोबा-नातवाच्या त्या ठिपक्यांचं होतं. मी यादी पुन्हा पाहिली: सासरे, नमुना मिळाला. सून, नमुना मिळाला. नातू, नमुना मिळाला. 

दारातच सून भेटली. अश्विनी, पंचविशीची, तोंडानं भलती फटकळ. "या ताई! ह्याच का मॅडम? लई बारीक हायत की, पुण्यात खायाला मिळत न्हाई का?" म्हणत तिनं आमच्यासाठी पलंगावर चादर टाकली. तिचं पोर आता पळतं झालं होतं. स्टीलचा पेला डोक्यावर घालून ते खोलीभर हिंडत होतं. माझ्या तक्त्यातलं सात महिन्यांचं बाळ ते हेच.

मी म्हटलं, "डब्या दिल्या होत्या तेव्हाचं जरा विचारायचं होतं."

"इचारा की," ती म्हणाली आणि तेवढ्यात ओट्यावर खोकला ऐकू आला. अश्विनीचा पदर क्षणात डोक्यावर गेला, आवाज बंद झाला, आणि ती सरळ आत स्वयंपाकघरात निघून गेली. वाक्य अर्धंच राहिलं.

आत आले ते तात्या, तिचे सासरे. पांढरं धोतर, हातात काठी. ते माझ्यापासून दूर खुर्चीवर बसले.

"कावून आल्या ह्या बाई?" त्यांनी ताईंना विचारलं.

"पोटातल्या जंतूंची पाहणी हाय, तात्या. मागं नमुने नेलते ना, त्यांचं."

"आसं," तात्या म्हणाले. मग काठी जमिनीवर टेकवली. "मंग माझा कावून न्हाई नेला? समद्या गावाचं नेलं. मी आपला वाट बघत बसलो, कुणीतरी इचारील. म्हाताऱ्याचं पोट काय कामाचं, आसंच ना?"

माझ्या मांडीवरच्या यादीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होती. मी यादी पालथी केली. ताई त्यांना काहीतरी समजावू लागल्या आणि मी पाणी मागायच्या निमित्तानं आत गेले.

अश्विनी चुलीपाशी चहा गाळत होती. मी दार लोटून हळूच विचारलं, "तात्यांची डबी कोणी भरली?"

ती आधी दाराकडे बघून हसली. "हळू बोला. मी भरली."

"कशी?"

"आता मामांना कसं म्हणू मॅडम? त्यांच्याम्होरं मी आजून बोलत न्हाई. चहा ठिवला तरी कडी वाजवून ठिवते. त्यांना काय म्हणू, की मामा, ही डबी घ्या आन् सकाळी…?" तिला पुढं बोलवेना, पदर तोंडात कोंबून हसू लागली. मलाही हसू येत होतं आणि त्याच वेळी रडावंसंही वाटत होतं.

"नवऱ्याला सांगायचं."

"ते तवा उसाच्या ट्रॅक्टरवर गेलते, कर्नाटकात."

"मग डबी रिकामी द्यायची. आम्ही एक माणूस कमी धरला असता."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही अभद्र बोलले असावे. "रिकामी? ताईनं घरी आणून दिलेली डबी रिकामी लावून द्यायची? आसं कुणी करतं का? तुमच्यात करत्यात?"

आमच्यातही करत नाहीत. शेजारचा डबा परत द्यायचा असला आणि घरात काही नसलं तर माझी आई त्यात चिमूटभर साखर घालते. हे मला माहीत होतं. डब्या वाटायची योजना आखताना आम्ही पाच शिकलेली माणसं टेबलाभोवती बसलो होतो. डबीचं झाकण कसं असावं यावर तासभर बोललो. रिकामी डबी परत आली तर तिचं काय करायचं हेही ठरलं होतं. डबी मुळात रिकामी परत येणारच नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"ह्याचं तर दिवसातून चार डाव व्हायचं," अश्विनीनं पोराकडे बोट दाखवलं. "घातलं त्यातलंच. आन् मी एकलीच न्हाई हां. गल्लीतल्या समद्याच सुनांनी कुणाचं ना कुणाचं घातलं."

म्हणजे ताईंनी डब्या भरल्या नव्हत्या. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तो पूर्ण व्हायच्या आत विचारलं, "ताईंना माहीत नव्हतं ना हे?"

"म्हाईत हाय की. मी तवाच सांगितलंतं."

चहा कसा प्यायले आठवत नाही. निघताना तात्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "पुढल्या बारीला माझं न्या." मी हो म्हटलं. ते हो तरी खरं होईल का, याची मला खात्री नव्हती.

घाट

परतताना घाटात कापसाचा ट्रक वळणावर अडकला. पुढे गाड्या, मागे गाड्या. शफीकभाई उतरून सल्ले द्यायला गेले. ताईंनी रस्त्याकडेच्या बाईकडून सीताफळं घेतली आणि एक फोडून माझ्या हातात दिलं. मोबाइलला रेंज नव्हती. सोमवार चार दिवसांवर होता. सीताफळाच्या बिया हातात जमत होत्या आणि त्या कुठे टाकाव्यात हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "ताई, सुनांनी दुसऱ्याचं भरून दिलं हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या.

इतकं सरळ "व्हय" माझ्या अपेक्षेत नव्हतं. माझा आवाज चढला. "आणि तुम्ही सांगितलं नाहीत? दीड वर्ष आम्ही त्यावर काम करतोय! सोमवारी सर दिल्लीत उभे राहून हेच सांगणार आहेत!"

ताईंनी हातातलं सीताफळ पिशवीत ठेवलं. "न्हाई सांगितलं मंजी? लिवून दिलतं की, मॅडम. मोबाइलच्या फॉर्ममंदी. शेवटी रकाना होता, शेरा मनून. ज्या ज्या घरी आसं झालं त्या त्या घरी लिवलं. तुमी वाचलं न्हाई?"

"वाचलं असेल," मी म्हटलं. ही दुसरी थाप, आणि ती बोलत असतानाच मला आठवलं.

तो रकाना होता. तक्ता पहिल्यांदा आला तेव्हा त्यातल्या मराठी अक्षरांवर माझा प्रोग्राम अडखळत होता. जिथे तिथे चौकोन आणि प्रश्नचिन्हं. कामाची घाई होती. मी एका ओळीची आज्ञा लिहिली आणि शेवटचा रकाना काढून टाकला. सगळ्या कामातली ती माझी पहिली ओळ. तिच्यापुढे मी टीपही लिहिली होती: अनावश्यक रकाना वगळला.

ताई माझ्याकडे बघत होत्या. "तरीच मी म्हणते, मॅडम दोन दिस गप गप कावून हायत. माझ्यावर शक होता व्हय?"

"होता," मी म्हटलं. तिसरी थाप मारायची ताकद उरली नव्हती. "तुम्ही घरी बसून डब्या भरल्यात असं वाटलं होतं मला."

 खाली दरीत ऊन पडलं होतं, वर ट्रकवाल्याला वीसजण वीस बाजूंनी वळायला सांगत होते. ताई म्हणाल्या, "माझी सासू आजून म्हणती, काम सोड." आणि तोंड फिरवून बसल्या. ट्रक निघायला दीड तास लागला. तेवढा वेळ आम्ही शेजारी शेजारी बसून होतो.

पुन्हा धारूर

घरी पोहोचल्यावर मी चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप काढला. जुन्या मेलमध्ये मूळ तक्ता तसाच होता. मी शेवटच्या रकान्यापर्यंत सरकले.

स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. "सासऱ्याचे नाही, नातवाचे आहे. सून लाजते." "आजीने दिले नाही. सुनेने स्वतःचेच दोन डब्यांत भरले. मी नको म्हणाले, ऐकले नाही." एकेका घरापुढे एकेक ओळ. प्रत्येक चिकटलेल्या ठिपक्याचं कारण तिथे होतं. ज्या भाषेत मी विचार करते, भांडते, आईशी फोनवर बोलते, तिच्यातच होतं. जे नवल पारखायला मी हजार वेळा पत्ते पिसले, त्याचं कारण कुणीही ओळ वाचून दोन मिनिटांत सांगितलं असतं.

मी ती घरं वगळून पुन्हा आकडेमोड केली. एका घरातली माणसं अजूनही थोडी जवळ येत होती, जगात कुठेही येतात तेवढी. दिंद्रुडकडचं नवल मात्र गेलं.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाषण मागे घ्यावं लागेल. कारण देताना नमुने गोळा करण्यातली चूक असं लिहू."

ते वाक्य किती सोपं होतं! पलीकडच्या खोलीत ताई भांडी घासत होत्या, त्यांना काही कळलं नसतं. कबूल करते, मी दोन क्षण थांबले.

"नाही, सर," मी म्हटलं. "गोळा करणाऱ्यांनी सगळं लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही. माझी चूक असं लिहा."

पलीकडून फक्त "बरं" आलं. माझ्या नोकरीचं काय होणार, हे त्या "बरं"मधून कळत नव्हतं. आजही नीटसं कळलेलं नाही.

पुन्हा तक्त्याकडे वळले. तारखांप्रमाणे लावला तर सगळ्यात पहिला शेरा अश्विनीच्या घरचा निघाला. तो लांब होता आणि मघाशी मी अर्धाच वाचला होता. "सासऱ्याचे नाही, नातवाचे आहे. सून लाजते. मॅडमला विचारणे, असे चालते का? उत्तर येईपर्यंत जमा करते." दुसऱ्या घरापुढेही शेवटी तेच. "मॅडमला विचारणे." तिसऱ्या घरापुढे: "उत्तर नाही. जमा करते." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं होतं. नुसतं कुणाचं कुणी भरलं ते इमानानं लिहीत गेल्या होत्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. ताई पाठमोऱ्या होत्या.

"ताई," मी म्हटलं, "नाही चालत."

त्यांनी वळून पाहिलं. कशाबद्दल बोलतेय ते त्यांना लगेच कळलं. हात पुसत त्या म्हणाल्या, "मंग तवाच सांगायचं की, मॅडम. एकाच घरावर थांबले असते."

 बाहेर शफीकभाईंनी हॉर्न वाजवला. शेवटची एसटी गाठायची होती. मी घाईघाईनं पिशवी उचलली. ताईंनी घासलेल्या भांड्यांतून माझ्या आईचा डबा शोधला, पालथा करून त्यातलं पाणी झटकलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा." मग फडताळातली बरणी काढून त्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरू लागल्या.